‘आपले’ म्हणजे कोणाचे?

संध्याकाळी सातच्या सुमारास ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभे राहावे आणि नुसते कान देऊन ऐकावे. “अरे, आपली आली!” असे कोणीतरी ओरडते आणि दहा-पंधरा माणसे पदर-पिशव्या सावरीत पुढे सरसावतात. ती गाडी हलते न हलते तोच दुसऱ्या घोळक्यातून आवाज येतो, “चला चला, आपली लागली!” पहिल्यांची ‘आपली’ म्हणजे डोंबिवलीची धीमी लोकल, दुसऱ्यांची ‘आपली’ म्हणजे बदलापूरची जलद, आणि ज्यांना टिटवाळ्याला किंवा आसनगावला जायचे असते त्यांची ‘आपली’ अजून मुलुंडलाही आलेली नसते. शब्द एकच, पण बोलणारा बदलला की गाडी बदलते. पुढे कल्याणला तर रूळच फुटतात. एक वाट कसाऱ्याची, एक कर्जतची. तेथे ‘आपली’ कोणती यात गफलत झाली तर माणूस रात्री भलत्याच गावी उतरेल. तरीही हा शब्द आपण किती बिनघोर वापरतो!

गेली वीस वर्षे मी संगणकासाठी आज्ञा लिहिण्याच्या धंद्यात आहे. राहते डोंबिवलीला, कचेरी ठाण्याला. कचेरीत तुम्ही दिवसभर करता तरी काय, असे मला लग्नकार्यात हटकून विचारले जाते, आणि मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. या वर्षी मनात आले, दिवाळी अंकाच्या निमित्ताने त्यातली एक तरी गोष्ट नीट सांगावी. ती गोष्ट या ‘आपली’चीच आहे. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री दीडपर्यंत दिवा जाळीत बसत असेल आणि मधूनच कपाळाला हात लावीत असेल, तर त्याच्या मागे बऱ्याचदा हाच शब्द असतो. त्यांच्या भाषेत त्याला ‘धिस’ म्हणतात.

वाचकहो, व्याकरणाचा तास आठवा. नाम आणि सर्वनाम. नाम हे ज्याचे त्याचे, सर्वनाम सर्वांचे. पाणिनीने सर्वनामांची जी यादी दिली तिचा पहिला शब्दच ‘सर्व’ आहे. ‘मी’ म्हणजे कोण, हे शब्दकोशात पाहून कळत नाही. कोण बोलतो आहे ते पाहावे लागते. त्यातही आपल्या मराठीत ‘आपण’ नावाचे एक आत्मवाचक सर्वनाम आहे, आणि ते फार शहाणे आहे. “सुनेने सासूला आपल्या खोलीत नेले.” खोली कोणाची? सुनेची. का? तर वाक्यातला कर्ता ती आहे. हेच “तिच्या खोलीत” म्हटले असते तर घरात लगेच दोन तट पडले असते. म्हणजे शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, क्रिया कोण करतो आहे यावर ठरतो. मोरो केशव दामले यांनी 1911 साली आपले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले तेव्हा संगणक कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पण संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांना पुढे याच प्रश्नाशी झुंजावे लागले.

झाले असे की 1960 नंतरच्या दशकात नॉर्वेच्या ऑस्लो शहरात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड या दोघांनी ‘सिम्युला’ नावाची भाषा केली. कल्पना अशी, की कार्यक्रमात ‘वस्तू’ असाव्यात. प्रत्येक वस्तूजवळ स्वतःची माहिती असावी आणि स्वतःच्या कृतीही असाव्यात. उदाहरणार्थ, हिशेबाची वही ही एक वस्तू. तिच्यात एकूण किती जमले हा आकडा, आणि ‘नोंद कर’ ही कृती. पण कृती लिहिणाऱ्याने वहीचे नाव घेऊन चालत नाही, कारण वह्या दहा असू शकतात. म्हणून त्याने लिहायचे, “आपल्या एकूणमध्ये एक मिळव.” मग जी वही ती कृती करील तिचे ‘एकूण’ वाढेल. हे ‘आपल्या’ म्हणजेच ‘धिस’. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘स्मॉलटॉक’ भाषा केली. तेथे याच शब्दाला ‘सेल्फ’ म्हणाले. नाव काहीही घ्या. जोवर कृती वस्तूजवळच राहते तोवर सारे सुरळीत.

घोटाळा होतो तो कृती वस्तूपासून सुटली म्हणजे.

“येथे थुंकू नये” अशी पाटी आपण जिन्यात लावतो. ‘येथे’ म्हणजे कोठे? जेथे पाटी टांगली आहे तेथे. पाटीवर जागेचे नाव नाही, गरजही नाही. भिंतच तिचा अर्थ पुरवते. आता रंग देण्यासाठी ती पाटी उतरवून रंगाऱ्याच्या दुकानात ठेवली, तर ‘येथे’ म्हणजे रंगाऱ्याचे दुकान झाले. पाटीत एक अक्षर बदललेले नाही, पण अर्थ बदलला. आणि जिन्यात उरला नुसता खिळा.

ही पाटी उतरण्याची गोष्ट आमच्याच इमारतीत घडली, आणि चांगली महागात पडली. ती सांगते.

आमच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. गेली काही वर्षे त्या आणि त्यांच्या तीन मैत्रिणी मिळून दिवाळीचा फराळ करून देतात. डोंबिवलीत असे घरगुती व्यवसाय गल्लोगल्ली आहेत, आणि आता त्यांचे डबे अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियालाही जातात. ज्यांची मुले तिकडे आहेत ते आईबाप इकडे पैसे भरतात आणि डबा तिकडे पोचतो. चार जणींचे आठ हात, दोन शेगड्या आणि एक स्वयंपाकघर. त्यामुळे त्यांनी हिशेब करून ठेवला होता की परदेशी जाणारे साठ डबे होतील, एकसष्टावा नाही. पूर्वी मागण्या फोनवर घेत. वहिनींचे चिरंजीव आयटीची पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडले होते. त्यांनी आईसाठी मागणी नोंदवण्याचे एक पान करून दिले. साठ भरले की पान आपोआप बंद व्हायचे, असा बेत.

पान देखणे होते. वर कंदील लुकलुकत होता, खाली “शिल्लक डबे 60” असा आकडा. प्रत्येक मागणीचा निरोप वहिनींच्या मोबाइलवर येत होता, तोही बरोबर. पण मोबाइल बाहेरच्या खोलीत, आणि वहिनी भाजणी भाजण्यात गुंतलेल्या. तिसऱ्या दिवशी रात्री त्यांनी निरोप मोजून कागदावर उतरवायला घेतले तर ते सत्त्याण्णव भरले. पानावर मात्र अजूनही शांतपणे “शिल्लक डबे 60”. कंदीलही लुकलुकतच होता.

रात्री साडेदहाला चिरंजीव माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. “काकू, जरा बघता का? सगळं बरोबर आहे, पण मोजतच नाही.” आम्ही दोघे बसलो. वही नावाची वस्तू नीट लिहिलेली होती. ‘नोंद’ या कृतीत लिहिले होते, ‘आपल्या घेतलेल्यात एक मिळव, ते आपल्या मर्यादेइतके झाले तर पान बंद कर.’ यात काय चूक? काहीच नाही. मुलाने ती कृती वेगळी चालवूनही पाहिली होती; ‘वही.नोंद()’ म्हटले की आकडा वाढत होता. मधल्या टिंबाला आमच्या धंद्यात मोठा मान आहे. ते आपल्या मराठीतल्या ‘ची’ प्रत्ययासारखे: वहीची नोंद. आणि शेवटचे कंस म्हणजे ‘आता कर’ ही आज्ञा.

मग मी खालच्या ओळी पाहिल्या. मागणी आली की वाजणारी एक ‘घंटी’ नावाची वस्तू होती, आणि तिला सांगितले होते: घंटी.ऑन('मागणी', वही.नोंद). म्हणजे, घंटीबाई, मागणी आली की तू ही कृती करायची. बारकाईने पाहा, येथे कंस नाहीत. कृती करायची नाही, नुसती घंटीच्या हाती द्यायची आहे. आणि हाती देताना वहीवरची पाटी उतरली ती उतरलीच. पुढे मागणी आली तेव्हा ती कृती घंटीने केली; मग ‘आपले’ म्हणजे घंटीचे! घंटीजवळ ‘घेतलेले’ असा आकडाच नव्हता. नसलेल्यात एक मिळवला की जावास्क्रिप्ट भाषा भांडत नाही. ती ‘नॅन’ असे उत्तर देते. नॅन म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे सांगणारे एक मूल्य. ते मूल्य तिने घंटीवर लिहून ठेवले. मग तपासले, हे ‘आपल्या मर्यादेइतके’ झाले का? घंटीला मर्यादाही नाही. उत्तर नकारार्थी. पान उघडेच. असे सत्त्याण्णव वेळा.

घंटीच्या पोटात काय आहे ते यंत्राला छापायला सांगितले तेव्हा हे सारे स्वच्छ दिसले: घेतलेले, नॅन. आणि वहीत शून्य. मुलगा बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसला. मग म्हणाला, “काकू, गेल्या महिन्यात मुलाखतीत मला हाच प्रश्न विचारला होता. मी धडाधड उत्तर दिलं. त्यावरच तर नोकरी मिळाली.”

दुरुस्ती चार अक्षरांची होती: वही.नोंद.बाइंड(वही). ‘बाइंड’ म्हणजे बांधणे. ओळीत वही दोनदा का, असे कोणालाही वाटेल. पहिली वही सांगते कृती कोणाकडून घेतली. कंसातली वही सांगते की ही कृती कोणीही, कधीही, कोठेही केली तरी ‘आपले’ म्हणजे हिचेच समजायचे. पाटीवर ‘येथे’च्या जोडीला इमारतीचे नाव कोरून टाकण्यासारखे आहे हे. मग ती रंगाऱ्याच्या दुकानात राहो की रद्दीवाल्याच्या गाडीवर.

पण संगणकातली चूक पाच मिनिटांत सुधारली तरी चकल्यांचे काय? साठावर सदतीस डबे जास्त, पैसे घेतलेले, आणि कुरियरवाल्याची शेवटची तारीख ठरलेली. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी इमारतीतल्या आणखी दोघींना हाताशी घेतले, एक शेगडी आमच्याकडून नेली आणि एकोणीस डबे वाढवले. उरलेल्या अठरा घरी स्वतः फोन केले, पैसे परत केले. मुलगा म्हणत होता, मी निरोप पाठवतो; वहिनी म्हणाल्या, “पैसे परत करायचे तर आवाज ऐकू गेला पाहिजे.” त्या अठरांत कल्याणचे एक वृद्ध जोडपे होते. मुलगा-सून परदेशी, नातवाची पहिली दिवाळी. त्या आजी फोनवर काहीच बोलल्या नाहीत, नुसते “बरं” म्हणाल्या. वहिनींनी फोन ठेवला आणि स्वतःच्या घरासाठी बाजूला काढलेला फराळ त्या नावाने बांधला. त्यांच्या घरी त्या वर्षी चिवडा पाडव्याला झाला.

असो. ‘बाइंड’ला दोन भाऊ आहेत, ‘कॉल’ आणि ‘अप्लाय’. ते कायमचे बांधत नाहीत. एका वेळेपुरते मालक ठरवतात. दिवाळीत चकलीचा सोऱ्या जसा मजल्यामजल्यावर फिरतो ना, तसे. सोऱ्या जोशीकाकूंचा, पण आज दुपारी तो आमच्या ओट्यावर आहे तर पीठ आमचे आणि चकल्याही आमच्या. संध्याकाळी सोऱ्या परत. कॉल आणि अप्लाय यांत फरक फार थोडा. कॉलला सामान एकेक करून हातात द्यायचे, अप्लायला सगळे एका पिशवीत. यादीसाठी लिहिलेल्या कृती यादीसारख्या दिसणाऱ्या पण यादी नसलेल्या वस्तूंवर चालवायला आम्ही कित्येक वर्षे असाच उसना सोऱ्या वापरला.

बाइंड मात्र हट्टी. एकदा बांधलेल्या कृतीला नंतर कॉल करून दुसरा मालक द्यायला जा, ती ढिम्म हलत नाही. शिवाय बाइंड मूळ कृतीला हात लावत नाही. दर वेळी तिची नवी बांधलेली प्रत काढून देतो. यातूनही एक गंमत होते. घंटीला दिलेली कृती पुढे काढून घ्यायची असेल, तर दिलेली प्रतच दाखवावी लागते. पुन्हा बाइंड करून नवी प्रत दाखवली तर घंटी म्हणते, “ही मी कधी पाहिलीच नाही,” आणि जुनी वाजवीत राहते.

तुम्ही म्हणाल, असली विचित्र भाषा केली कोणी? त्याचीही कथा आहे. 1995 सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या गृहस्थाने या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. दहा दिवस! आपल्याकडे तेवढ्यात गणपतीची आरास होते. प्रथम तिचे नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबर 1995 मध्ये जावास्क्रिप्ट. आइक यांना ‘स्कीम’ नावाची भाषा आवडे. तिच्यात कृती ही स्वतंत्र असते, कोणाच्याही हाती देता येते, खिशात घालून नेता येते. वस्तूंची कल्पना त्यांनी ‘सेल्फ’ नावाच्या दुसऱ्या एका भाषेवरून घेतली. आणि वरिष्ठांचा हुकूम असा, की दिसायला ती तेव्हाच्या लाडक्या जावासारखी दिसली पाहिजे. म्हणून ‘धिस’ आला. तीन घरांची तीन माणसे एका खोलीत नांदायला आली. कृती मोकळी फिरणारी, आणि तिच्या तोंडी शब्द मात्र ‘आपले’! भांडण तेथेच ठरलेले होते.

त्यानंतर उपाय शोधण्यात वीस वर्षे गेली. कॉल आणि अप्लाय 1999 च्या प्रमाण आवृत्तीत आले. बाइंड 2009 साली आला. तोवर लोक आपापल्या पद्धतीने घरीच बांधाबांध करीत. त्याच वर्षी एक ‘कडक’ पद्धतही आली. पूर्वी कृतीला कोणीच मालक नसला तर भाषा तिला सबंध कार्यक्रमाच्या सामायिक वस्तूच्या गळ्यात बांधी, म्हणजे वाड्यातल्या सार्वजनिक नळासारखे. कोणी काय लिहिले पत्ता लागत नसे. कडक पद्धतीत अशा वेळी मालक नाही तर नाही, आणि कृती तेथेच अडते. आमच्या वहिनींना मात्र तिचाही उपयोग झाला नसता. कारण तेथे मालक नव्हता असे नाही, भलताच होता.

2015 साली आला तो खरा उतारा: बाणासारख्या चिन्हाने लिहायची कृती, ॲरो फंक्शन. हिला स्वतःचे ‘धिस’ नसतेच. ती कोणी केली याची तिला पर्वा नाही. ती जेथे लिहिली गेली, तेथे जे ‘आपले’ होते तेच तिचे ‘आपले’.

हे मी कचेरीत नव्या मुलामुलींना शिकवते तेव्हा पाटीचा दाखला देतेच, पण बाणासाठी दुसरा देते. लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्या वर्षी “आमच्याकडे अळूच्या भाजीत मुळा घालतात” असे म्हणते, तेव्हा ‘आमच्याकडे’ म्हणजे माहेर. ती ठाण्यात बोलो, कल्याणात बोलो, की सासूच्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलो. ही झाली बाणाची कृती. साध्या कृतीचे ‘आमच्याकडे’ मात्र जिच्या स्वयंपाकघरात उभे त्या घराचे. हा दाखला दिला की मुली हसतात, मुले जरा उशिरा हसतात. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझ्या आईचं तीस वर्षांनीही माहेरच आहे.” मी म्हटले, ते बाइंड केलेले असेल.

मुलाखतीत हा प्रश्न हमखास असतो, आणि मुलांनी त्याची उत्तरे क्लासच्या टिपणांवरून पाठ केलेली असतात. चार नियम, त्यांचा क्रम, सगळे तोंडपाठ. मला त्या उत्तरांचा कंटाळा आहे. मी व्याख्या विचारीत नाही. दहा ओळींचा कार्यक्रम छापून समोर ठेवते आणि विचारते, ही कृती लिहिली कोठे ते सोड. ती करतो कोण? मग उमेदवार बोट ठेवून ओळी उलट्या दिशेने वाचू लागला की बरे वाटते. मराठी शाळांतून आलेली काही मुले इंग्रजीत अडखळतात, पण “मराठीत सांगा” म्हटले की कर्ता अचूक दाखवतात. कर्तरी-कर्मणी घोकल्याचा हा उपयोग आमच्या गुरुजींना कळला असता तर त्यांनी छडी बाजूला ठेवली असती की दुप्पट चालवली असती, कोण जाणे.

सारे एवढे किचकट तर भाषाच का बदलीत नाहीत, असा प्रश्न घरच्यांना पडतो. दुसऱ्या भाषांत सोय बरी आहे. पायथनमध्ये कृती वस्तूपासून उचलून कोणाच्या हाती दिली तरी ती आपला मालक बरोबर घेऊन जाते. पण जावास्क्रिप्टला मागे फिरता येत नाही. जगभरची पंचवीस-तीस वर्षांची पाने तिच्यात लिहिलेली आहेत. त्यांचे लेखक कोठे गेले ते कोणाला ठाऊक नाही, आणि आजच्या ब्राउझरने ती पाने पूर्वीसारखीच चालवावीत अशी अपेक्षा असते. ‘आपले’चा अर्थ एका रात्रीत बदलला तर त्यांतली कितीतरी बंद पडतील. म्हणून प्रमाण ठरवणारी समिती जुने काढीत नाही, शेजारी नवे ठेवते.

आमच्या कचेरीतही 2012-13 साली लिहिलेले एक मोठे काम अजून चालू आहे. त्यात ओळीओळीला बाइंड आहे. काही जागी दोन-दोनदा, म्हणजे लिहिणाऱ्याला त्या दिवशी कशाचीच खात्री वाटली नसावी. नवी मुले आली की ते सारे काढून बाण लावू या म्हणतात. मी त्यांना एका वेळी एकच काढू देते, आणि काढण्यापूर्वी घंटीच्या पोटात काय आहे ते छापून पाहायला लावते.